आधी चमचे, मग गाडी



प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलाचा तिसरा ड्रॉवर उघडलात तर प्लास्टिकचे रंगवलेले चमचे दिसतील. काळे, लाल, चंदेरी. प्रत्येकाच्या दांड्यावर मागे मार्करने लिहिलेला नंबर. यंदा नव्याने आलेल्या ज्युनिअरने पहिल्याच आठवड्यात ते बघून विचारलं, "ताई, हे तुमच्या थिसिसचे नमुने का?" म्हटलं, "नाही रे, माझ्या गाडीचे."

गाडी म्हणजे १/२४ मापाची, डब्यातून सुटे भाग येतात ती. मी पीएचडी करतेय कोटिंग्जवर, म्हणजे धातूवर चढवलेले रंगाचे थर किती काळ टिकतात यावर. आणि सुट्टीच्या दिवशी काय करते, तर प्लास्टिकच्या गाड्यांना रंग देते. घरचे म्हणतात, तिकडे रंग आणि इकडेही रंगच. पण खरं सांगते, प्रयोगाची आखणी म्हणजे काय हे मला कोर्सवर्कच्या वर्गात कळलं नाही, ते या गाडीने शिकवलं. तेही एक बॉडी वाया घालवून.

तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर देणार आहात. चल, कंट्रोल, पुनरावृत्ती, यादृच्छिक क्रम हे शब्द पाठ होतात, पण प्रत्यक्षात ते का लागतात हे कळायला काहीतरी बिघडावं लागतं. माझं बिघडलंय, ते सांगते.

आधी या मापाचं गणित बघू, कारण अडचणीचं मूळ तिथे आहे. १/२४ हे माप आलं फूट-इंचाच्या हिशोबातून: अर्धा इंच बरोबर एक फूट. जपानमधल्या शिझुओकाच्या तामियाच्या बऱ्याचशा गाड्या या मापाच्या असतात, अमेरिकन किटं बहुधा १/२५ ची. आता खऱ्या गाडीवरचा रंग घ्या. प्रायमर, बेस, क्लिअर सगळं मिळून साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर. तेवढाच रंग १/२४ च्या गाडीवर चढवला, तर गाडीच्या मानाने तो झाला २.४ मिलिमीटर! खऱ्या गाडीवर कोणी अडीच मिलिमीटरचं पुट्टं चिकटवल्यासारखं. दरवाजा आणि मडगार्ड यांच्यामधली फट खऱ्या गाडीत ४ मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ती १७० मायक्रॉन. दोन्ही काठांवर ५०-५० मायक्रॉन रंग बसला की उरले ७०. अजून एक हात मारलात तर दरवाजा गायब. मेटॅलिक रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे कण २० मायक्रॉनचे असले, तर १/२४ वर ते अर्ध्या मिलिमीटरच्या टिकल्यांसारखे दिसतात. म्हणून खऱ्या गाडीचा रंग डब्यातून काढून मॉडेलवर मारला की गाडी खेळण्यासारखी दिसते. रंगछटा अगदी तीच असते, पण बाकी काहीच छोटं झालेलं नसतं.

तर, थर पातळ हवा. पण पातळ थराचा एक त्रास आहे, आणि तिथेच मी फसले.

एअरब्रशमधून रंग थेंबाथेंबांनी येतो. थेंब पृष्ठभागावर पडतो तेव्हा तिथे उंचवटे-खळगे तयार होतात. हे सपाट कोण करतं? पृष्ठताण. द्रवाला कमीत कमी पृष्ठफळ हवं असतं, म्हणून तो उंचवटे खाली ओढतो. विरोध कोण करतो? रंगाचा घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी. १९६०च्या दशकात ऑर्चर्ड यांनी यावर जे समीकरण मांडलं, ते आमच्या क्षेत्रात आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: सपाट व्हायला लागणारा वेळ घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो, लाटेच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि थराच्या जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. तिसरा घात! थर निम्मा केलात तर सपाट व्हायला आठपट वेळ लागणार. आणि इकडे थिनर उडत असतो, घट्टपणा मिनिटामिनिटाला वाढत असतो. शर्यत लागलेली असते. सपाट होण्याआधी रंग घट्ट झाला, की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा कायमचा उरतो. गॅरेजमधले पेंटरही त्याला ऑरेंज पीलच म्हणतात.

मग थर जाड का नाही मारायचा? कारण उभ्या दरवाजावर रंग स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, आणि सरकण्याचा वेग जाडीच्या वर्गाने वाढतो. दुप्पट जाडी, चौपट वेग. ओघळ आलाच. म्हणजे खडबडीत आणि ओघळलेलं यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा आहे, त्यात राहायचं. जाणते मॉडेलवाले आधी दोन हलके, जवळजवळ कोरडे हात मारतात आणि शेवटचा एकच 'ओला' हात, तो यासाठी. हलके हात पकड देतात, ओला हात स्वतः सपाट होतो. आणखी एक कारण प्लास्टिकचं आहे. किटची बॉडी पॉलिस्टायरीनची, आणि लॅकर थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतो. (मॉडेलचा पातळ गोंद याच तत्त्वावर चालतो, तो चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो.) साच्यात प्लास्टिक ओतताना जिथे ताण अडकून राहिलेला असतो, तिथे थिनर जास्त पडला की बारीक तडे उमटतात. हलक्या हातांत थिनर लगेच उडून जातो, प्लास्टिकपर्यंत फारसा पोचत नाही.

आता माझी फजिती.

काळी स्पोर्ट्स कार. स्टायपेंडमधून पैसे बाजूला टाकून घेतलेली. जुलै महिना, डोंबिवलीच्या घराची बाल्कनी, मागे टेबलफॅन. काळा रंग मारला, तर छतावर ऑरेंज पील. मी कोटिंग्जची विद्यार्थिनी ना, मला लगेच 'कारण' कळलं! रंग घट्ट आहे. पॉलिश पेपरने घासून काढला, थिनर वाढवला, पुन्हा मारला. तसाच. पुन्हा घासला, थिनर अजून वाढवला, आणि या वेळी प्रेशरही वाढवलं. आणखी वाईट. मग वहीत लिहिलं: "थिनरच्या प्रमाणाने फरक पडत नाही." चौथ्या वेळी घासताना बॉनेटची कड आणि दाराची रेघ दोन्ही गेली. बॉडी संपली. किटमध्ये बॉडी एकच असते.

वहीतलं ते वाक्य लक्षात ठेवा. ते चुकीचं होतं, पण माझ्या नोंदींवरून तेच सिद्ध होत होतं.

तेव्हा आठवण झाली चमच्यांची. मॉडेल करणारे लोक गाडीला हात लावण्याआधी प्लास्टिकच्या चमच्यावर रंग मारून बघतात. जगभर हीच रीत. चमच्याला बाक असतो, छतासारखा. उजेडाचं प्रतिबिंब पडतं. दांड्याला धरता येतं. माझ्याकडे काकांच्या केटरिंगच्या उरलेल्या मालातली पाकिटं होती, बंदीच्या आधीची. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिक चमच्यांवर बंदी आहे, त्यामुळे तुम्हाला ते शोधायला सांगत नाही. स्टायरीनची शीट गरम पाण्यात मऊ करून बाटलीवर वाकवली की तेच काम होतं.

पहिल्या दिवशी चमच्यावरचा रंग नखाने सोलून निघाला, पोपड्यासारखा. प्रायमर खराब म्हणून मी दुकानदारावर चिडणारच होते. मग चमचा वाकवून बघितला. तो वाकला, तुटला नाही. पॉलिस्टायरीन असता तर कट्कन मोडला असता. पाण्यात टाकला, तर तरंगला. पॉलिप्रोपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, म्हणून ते तरंगतं, पॉलिस्टायरीन १.०५, ते बुडतं. म्हणजे काकांच्या मालात दोन जातीचे चमचे मिसळलेले होते, आणि मी गाडीची चाचणी भलत्याच प्लास्टिकवर करत होते. पॉलिप्रोपिलीनला रंग धरतच नाही, त्यात प्रायमरचा काय दोष? सगळे चमचे बादलीत टाकले, बुडाले ते घेतले. तुमच्या प्रयोगात हा प्रश्न वेगळ्या रूपात येईल: चाचणीचा नमुना आणि खरी वस्तू एकाच जातीची आहे का? पेशी असोत, माती असो, सर्वेक्षणातली माणसं असोत, बादलीत टाकून बघायची सोय नेहमी नसते. पण शोधायची.

मग आखणी केली. संशय दोन गोष्टींवर होता: थिनरचं प्रमाण आणि एअरब्रशचं अंतर. अंतर का? कारण थेंब हवेतच सुकायला लागतो. लहान थेंबाचं आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास निम्मा झाला की पाव वेळात तो उडून जातो. प्रेशर वाढवलं की थेंब बारीक होतात. मी 'सुधारणा' म्हणून प्रेशर वाढवलं तेव्हा थेंब आणखी बारीक केले, आणि ते गाडीवर पोचेपर्यंत अर्धे सुकलेले होते. मागून टेबलफॅन मदतीला होताच.

दोन अंतरं: ८ सेंटिमीटर आणि १६ सेंटिमीटर. दोन प्रमाणं: रंगाइतकाच थिनर, आणि रंगाच्या दुप्पट थिनर. चार जोड्या. प्रत्येक जोडीचे तीन चमचे, एकूण बारा. प्रेशर एकच, फॅन बंद.

पहिल्यांदा मी ते ओळीने रंगवले. आधी ८ सेंटिमीटरचे सगळे, मग १६ चे सगळे. १६ चे खडबडीत आले. खूश झाले, आणि तेवढ्यात एअरब्रशच्या टोकाकडे लक्ष गेलं. सुईवर रंग वाळून गोळा झाला होता. म्हणजे शेवटचे सहा चमचे लांबून मारले म्हणून खडबडीत, की सुई तुंबली म्हणून? सांगता येईना. दोन कारणं एकमेकांत अशी मिसळली की कुठलंच गणित ती वेगळी करू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी बारा चिठ्ठ्या टाकल्या, डब्यात हलवल्या, निघेल त्या क्रमाने चमचे रंगवले, आणि प्रत्येक चमच्यानंतर सुई पुसली. यादृच्छिक क्रम म्हणजे काहीतरी सांख्यिकीचा सोपस्कार आहे असं मला तोपर्यंत वाटायचं. तो खरं तर विमा आहे. सुईसारख्या ज्या गोष्टी तुमच्या लक्षात आल्या नाहीत, त्यांच्यासाठी. (सुई लक्षात आली होती, म्हणून पुसली. फॅनसारखं अजून काय काय असेल, कोणास ठाऊक.)

मोजायचं कसं? आमच्याकडे ग्लॉसमीटर आहे, ६० अंशांतून परावर्तित होणारा उजेड मोजतो. चमच्याच्या बाकावर तो बसतच नाही, पण बसला असता तरी उपयोग नव्हता. ऑरेंज पील असलेला पृष्ठभागही चकचकीत असू शकतो! चकाकी वेगळी, प्रतिबिंबाची स्पष्टता वेगळी. माझा प्रश्न दुसऱ्याबद्दल होता. यंत्र हाताशी आहे म्हणून त्याचा आकडा मोजायचा, ही चूक आमच्या लॅबमध्येही होते, तुमच्याही होईल. मी काय केलं, वहीचं रेघांचं पान चमच्यासमोर धरलं आणि रेघांचं प्रतिबिंब किती सुबक दिसतं त्यावरून क्रम लावायचा ठरवलं. पण मी लावला असता तर मला हवा तसाच लागला असता. म्हणून रूममेटला बसवलं. तिला नंबर माहीत नव्हते, रंगकामात रस तर मुळीच नव्हता. यापेक्षा चांगला परीक्षक मिळणार नाही.

तिने लावलेल्या क्रमात १६ सेंटिमीटरचे सहाही चमचे तळाला गेले, आणि त्या सहांत थिनर कमी-जास्त असल्याचा काही पत्ता लागत नव्हता. ८ सेंटिमीटरवर मात्र फरक ढळढळीत होता: दुप्पट थिनरवाले तिन्ही वर, आरशासारखे, आणि निम्म्या थिनरवाले मधल्या जागी, थोडी साल असलेले.

आता माझ्या वहीतलं वाक्य पुन्हा वाचा. "थिनरच्या प्रमाणाने फरक पडत नाही." मी कायम लांबूनच मारत होते, त्यामुळे मला ते तसंच दिसणार. थिनरचा परिणाम अंतरावर अवलंबून आहे. लांबून मारताना जास्तीचा थिनर वाटेतच उडून जातो, जवळून मारला तर तो पृष्ठभागापर्यंत पोचतो आणि रंगाला पसरायला वेळ देतो. सांख्यिकीत याला इंटरॲक्शन म्हणतात. पुस्तकात सांगतात, एका वेळी एकच चल बदला. बरोबर आहे, दोन एकदम बदलून गोंधळ करण्यापेक्षा ते शंभरपट बरं. पण बाकीचे चल जिथे स्थिर ठेवले ती जागाच चुकीची असेल, तर एकेक बदलूनही तुम्ही आयुष्यभर चुकीचं उत्तर काढत राहाल, अगदी शिस्तीत. चार जोड्या एकत्र करून बघण्याला म्हणूनच अर्थ आहे. बारा चमचे, दोन संध्याकाळी.

एक गंमत चंदेरी चमच्यांवर दिसली. शीग लावून मारलेल्या चंदेरी रंगात, तो ओला असताना, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी उमटली आणि तशीच वाळली. हे का होतं, त्याची गोष्ट प्रयोगाच्या दृष्टीने मला फार आवडते. १९०० साली आंरी बेनार नावाच्या फ्रेंच संशोधकाने, डॉक्टरेटच्या कामात, द्रवाचा पातळ थर खालून तापवला आणि त्यात षट्कोनी घरं दिसली. १९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणित मांडलं: खालचा द्रव गरम, हलका, म्हणून वर येतो, वरचा थंड, जड, खाली जातो. सगळ्यांना पटलं. गणितात काही चूकही नव्हती. पुढे १९५६ मध्ये ब्लॉक यांनी आणि १९५८ मध्ये पिअरसन यांनी दाखवलं की बेनारच्या पातळ थरांत खरं कारण उष्णतेने येणारा हलकेपणा नव्हे, तर पृष्ठताणातला फरक आहे. गरम जागी पृष्ठताण कमी, थंड जागी जास्त. द्रव थंड जागेकडे ओढला जातो आणि चक्र सुरू होतं. पिअरसन यांनी पुरावा म्हणून कशाचा दाखला दिला? वाळणाऱ्या रंगाचा. रंगातला थिनर उडताना उघडा पृष्ठभाग थंड होतो. आता रंगवलेली वस्तू उलटी धरा, ओला पृष्ठभाग खाली. थंड, जड द्रव आधीच खाली आहे, त्याला आणखी खाली जायचं नाही. रॅले यांचं कारण खरं असेल तर नक्षी उमटायला नको. पण ती उलट्या थरातही उमटते.

बघा, काय लागलं त्याला? रंग उलटा धरायला. दोन कारणं एकच परिणाम सांगत असतील, तर अशी परिस्थिती शोधायची जिथे ती वेगवेगळं भाकीत करतील. कंट्रोल म्हणजे 'काहीच न केलेला नमुना' एवढंच नसतं. मॉडेलसाठी याचा उपयोग साधा: मेटॅलिक पातळ हातांतच मारा, द्रवाला फिरायला खोली देऊ नका.

हवेचं राहिलं. आपल्याकडे हा विषय टाळून चालत नाही. लॅकर मारताना थिनर उडतो, उडताना अप्रकट उष्मा घेतो, पृष्ठभाग थंड होतो. तो दवबिंदूच्या खाली गेला की हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि पांढुरकी झाक येते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २७ अंश. फक्त तीन अंशांचं अंतर. त्याच तापमानाला आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू १५ च्या आसपास, मग पृष्ठभाग पंधरा अंशांनी थंड व्हावा लागेल. म्हणून कोकण-मुंबईकडे जुलैत क्लिअर लॅकर मारणं म्हणजे धुकं मारणं. सावकाश उडणारा थिनर वापरला तर थोडं सावरतं. जपानच्या जीएसआय क्रिओसच्या लेव्हलिंग थिनरमध्ये असा मंद द्रावक मुद्दाम घातलेला असतो.

हे मला माहीत होतं, नीट माहीत होतं, आणि तरी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी प्रयोगशाळेच्या वहीत आर्द्रता लिहीत नव्हते. फेब्रुवारीत पोलादाच्या पट्ट्यांवर मारलेल्या थरांची पकड उत्तम आली. जूनमध्ये तेच सूत्र, तोच हात, आणि पकड ढेपाळली. गाईडनी विचारलं, "त्या दिवशी हवा कशी होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवामानाच्या जुन्या नोंदी काढून बाहेरची आर्द्रता सांगता आली असती, पण खोलीतला एसी त्या दिवशी चालू होता की बंद, हे कोण सांगणार? चार महिने तीच मालिका पुन्हा केली, या वेळी दीडवितीवर आर्द्रतामापक ठेवून. त्या चार महिन्यांत मी एका कॉन्फरन्सला जाणार होते, ती राहिली. आता चमच्याच्या मागे नंबर असतो, आणि वहीत त्या नंबरासमोर तारीख, तापमान, आर्द्रता, रंग-थिनर प्रमाण, प्रेशर, अंतर आणि फॅन. फॅन चालू की बंद हेसुद्धा. हो, हसा.

फिनिशिंगचं थोडक्यात सांगते, कारण विचारणारे विचारतात. बॉडी आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचं तेल आणि बोटांचे डाग जाऊ द्या. थरांचा क्रम द्रावकांच्या ताकदीवर ठरतो: जहाल खाली, सौम्य वर. लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर सुरकुततो. दरवाजाच्या रेघा गडद करायला पातळ काळं इनॅमल याच कारणाने वापरतात; सांडलं तर टर्पेंटाइनने पुसता येतं, खालच्या लॅकरला ते काही करत नाही. आणि 'वाळला' व 'मुरला' यात फरक करा. इनॅमल हाताला लागेनासं होतं काही तासांत, पण हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून जुळत राहतं कित्येक दिवस. लॅकर फक्त थिनर उडून वाळतो, तरी प्लास्टिकने पिऊन घेतलेला थिनर रेंगाळतो. जुने लोक नाक लावून वास घेतात; वास येतोय तोवर पॉलिश नाही. मी एक चमचा लॅबच्या तराजूवर रोज ठेवून बघितला, आठव्या दिवशीही वजन उतरत होतं. नाक बरोबर होतं.

पॉलिशची गंमत प्रकाशात आहे. २००० नंबरच्या वॉटर पेपरचे कण १० मायक्रॉनच्या आसपास, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडे त्या लांबीपेक्षा बरेच बारीक झाले की डोळ्याला ते दिसत नाहीत आणि पृष्ठभाग आरसा होतो. म्हणून आधी पेपर, मग रबिंग कंपाऊंड, मग आणखी बारीक. कडांवर घासू नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो, माझं पाहिलंतच. आणि दोन भाग मिसळून करायचा युरेथेन क्लिअर घरी नको म्हणजे नको. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट दमा लावू शकतं आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. साध्या लॅकरलाही कार्ट्रिजवाला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा पाहिजेच. मी बाल्कनीत नुसता रुमाल बांधून मारायचे. तो मूर्खपणा होता, तुम्ही करू नका.

त्याच गाडीचं दुसरं किट घेतलंय. डबा अजून उघडलेला नाही. काल बाल्कनीतला आर्द्रतामापक ८८ दाखवत होता. क्लिअरसाठी नवीन चिठ्ठ्या करून ठेवल्यात, या वेळी तीन चल आहेत, आठ जोड्या, चोवीस चमचे. बादलीत बुडालेले फक्त एकोणीस उरलेत. त्यामुळे पाच तुकडे शीटचे कापावे लागतील, आणि मग ते पाच कुठल्या जोडीत टाकायचे हा प्रश्न आहे. ज्युनिअर म्हणतो, सगळे एकाच जोडीत टाकू, सोपं पडेल. का नको, ते त्याला उद्या सांगणार आहे. तुम्हाला सुचतंय का बघा.